घर उभं आहे का, हे फॉर्म विचारतच नाही

एप्रिल संपत आला की आमच्याकडे दोन गोष्टी एकदम होतात, अंगणातला बर्फ वितळून गेल्या वर्षीचा सगळा कचरा वर येतो आणि गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीचा खजिनदार म्हणून माझ्यापुढे फॉर्म ९९० येऊन पडतो. न्यू इंग्लंडमधलं छोटं गाव आहे, आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी नुसता शेजाऱ्यांच्या ओळखीने एका मीटिंगला गेलो होतो, आकडेमोड जमते म्हणून कळलं आणि झालं, खजिनदार. पगार शून्य, मीटिंगला कॉफी फुकट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फॉर्म ९९० म्हणजे अमेरिकेतल्या करमुक्त संस्थांनी दरवर्षी आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या करखात्याकडे भरायचं रिटर्न. कर भरायचा नसतो, पण हिशोब द्यायचा असतो, आणि तो सार्वजनिक असतो, कोणीही उघडून वाचू शकतो. कॅलेंडर वर्ष असेल तर १५ मे ही तारीख, सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली तर १५ नोव्हेंबर. सलग तीन वर्षं भरला नाही तर करमुक्ती आपोआप रद्द.

आता आमच्या सोसायटीकडे बारा जुन्या घरांचे ईझमेंट आहेत. हा शब्द ऐकून पहिल्यांदा मला आपल्या गावाकडची बांधावरून जायची वाट आठवली, आणि खरं तर तेच आहे, दुसऱ्याच्या मालमत्तेवरचा एक हक्क. फरक एवढाच की इथे जायचा हक्क नसतो तर थांबवायचा हक्क असतो. घराचा मालक मालकच राहतो, विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो, मुलांसाठी मागे ठेवू शकतो, पण दर्शनी भाग बदलायचा, मजला चढवायचा, जुन्या लाकडी खिडक्या काढायच्या तर आधी आमची परवानगी. हा करार काउंटीच्या जमीन दप्तरात नोंदवला जातो, म्हणजे सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढवतात ना तसंच समजा, आणि कर्ज फिटल्यावर बोजा उतरतो तसा हा उतरत नाही. कायमचा आहे. कायद्यात शब्दच तसा आहे, सवलत हवी असेल तर बंधन कायमस्वरूपी पाहिजे.

सवलत म्हणजे काय तर मालकाने हा हक्क संस्थेला दान केला असं धरून त्या हक्काची जी किंमत असेल तेवढी रक्कम तो आपल्या उत्पन्नातून वजा करतो. इन्कम टॅक्सच्या कलम १७०(एच) मध्ये हे सगळं आहे, १९८० पासून आजच्या स्वरूपात. किंमत काढतात ती बंधनाच्या आधीची घराची किंमत वजा बंधनानंतरची किंमत. ऐकायला सोपं आहे, पण बंधनानंतरची किंमत कोण सांगणार? मूल्यांकन करणारा सांगणार, आणि त्याची फी देणार मालक. कित्येक वर्षं शहरी घरांच्या बाबतीत साधारण १० ते १५ टक्के असा एक आकडा हवेत तरंगत होता आणि बरेच जण डोळे झाकून तो लावायचे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. आमच्यासारख्या संस्थांच्या वर्तुळात सगळे रडतात की रिपोर्टिंग फार झालंय, स्वयंसेवकांवर ओझं आहे, कमी करा. मला वाटतं उलट आहे. रिपोर्टिंग कमी नकोय, ते चुकीच्या जागी आहे. फॉर्म आम्हाला तास विचारतो, खर्च विचारतो, एकर विचारतो, आणि ज्यासाठी सरकारने पैसे सोडले ती इमारत दिलेल्या वचनाप्रमाणे उभी आहे का हे मात्र विचारत नाही. ते विचारायला पाहिजे, आणि छोट्या संस्थांनाही विचारायला पाहिजे, भले माझ्यासारख्याचे दोन रविवार जादा गेले तरी.

फॉर्ममध्ये काय आहे ते बघा. मुख्य फॉर्मच्या चौथ्या भागात सातव्या ओळीवर एक हो-नाही प्रश्न, तुमच्याकडे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट आहे का, मोकळी जागा, निसर्ग, ऐतिहासिक जमीन किंवा ऐतिहासिक इमारत यातलं काहीही. हो म्हटलं की शेड्यूल डी, म्हणजे फॉर्मला जोडायच्या एका पुरवणीचा दुसरा भाग उघडतो. तिथे उद्देशाच्या चौकटींवर टिक करायची, मग एकूण ईझमेंट किती, एकूण एकर किती, त्यातले प्रमाणित ऐतिहासिक इमारतींवरचे किती. आमच्या बारा घरांचे मिळून एकर काढताना मला दरवर्षी हसू येतं, हा प्रश्न जंगलं आणि शेतं सांभाळणाऱ्या लँड ट्रस्टसाठी आहे, आमचं एक घर तर रस्त्याला इतकं चिकटून आहे की पायरी फुटपाथवर उतरते.

पुढची ओळ गमतीची आहे. २५ जुलै २००६ नंतर मिळालेले आणि नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या सरकारी यादीत, स्वतंत्रपणे नोंद नसलेल्या इमारतींवरचे ईझमेंट किती. ही तारीख कुठून आली? कायद्यावर सही झाली १७ ऑगस्ट २००६ ला, पेन्शन प्रोटेक्शन ॲक्ट, नाव पेन्शनचं आणि पोटात दानधर्माचे नियम, आणि यातली तरतूद लागू केली २५ जुलैपासून. मधल्या तीन आठवड्यांत घाईघाईने कोणी हात मारून घेऊ नये म्हणून असावं. कारण त्या आधी खरंच हात मारणं चालू होतं.

२००४ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन पोस्टने या दर्शनी भागाच्या दानांवर लेखमाला छापली होती. गंमत अशी होती की बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा शहरांत ऐतिहासिक भागातली घरं आधीच पालिकेच्या नियमांनी बांधलेली होती, तुम्हाला तसंही दर्शनी भाग बदलता येत नव्हता, मग जे करता येतच नाही ते न करण्याचं वचन देऊन लाखाची वजावट घ्यायची. उपासाच्या दिवशी जेवण सोडल्याचं पुण्य मागण्यासारखं. बॉस्टनच्या साउथ एंडमधल्या एका जोडप्याचं प्रकरण कोर्टात बरीच वर्षं गाजलं. घराची किंमत १८ लाख ४० हजार डॉलर धरली, तिचे १२ टक्के, म्हणजे २ लाख २० हजार ८०० डॉलरची वजावट. हे करण्याआधी त्यांना शंका आली होती की बाबा याने आपल्या घराची विक्रीची किंमत पडणार नाही ना, तर दान घेणाऱ्या संस्थेकडून उत्तर आलं की आमच्या अनुभवात तसं काही होत नाही. वाचलंत ना? किंमत कमी होत नाही असं एका तोंडाने, आणि किंमत १२ टक्क्यांनी कमी झाली म्हणून वजावट द्या असं दुसऱ्या तोंडाने. शेवटी टॅक्स कोर्टाने त्या ईझमेंटची किंमत शून्य ठरवली, वर दंड, आणि २०१५ मध्ये अपील कोर्टानेही दंड कायम ठेवला.

म्हणजे २००६ च्या कायद्याला कारण होतं. त्यानंतर ऐतिहासिक भागातल्या इमारतीसाठी फक्त पुढची भिंत देऊन चालत नाही, पूर्ण बाहेरचा भाग द्यावा लागतो, पुढची, बाजूची, मागची बाजू आणि उंची सुद्धा. मालक आणि संस्था यांनी लेखी करार करायचा आणि खोटं निघालं तर शपथभंग या बोलीवर लिहून द्यायचं की संस्थेचा उद्देश यात बसतो, तिच्याकडे हे सांभाळायला आणि वेळ पडली तर भांडायला साधनं आहेत आणि इच्छा आहे. मालकाने रिटर्नला मूल्यांकनाचा रिपोर्ट, बाहेरच्या सगळ्या बाजूंचे फोटो, लागू असलेल्या बंधनांचं वर्णन जोडायचं. वजावट १० हजार डॉलरच्या वर असेल तर ५०० डॉलर फी. ती फी कायद्याप्रमाणे या कलमाच्या अंमलबजावणीसाठीच वापरायची असते, पण अंमलबजावणी आयआरएसची, आमची नव्हे. घराकडे बघायला जाणारा मी, पेट्रोल माझं.

नियमांमधली एक ओळ मला सगळ्यात जास्त खटकते. संस्थेकडे बंधन राबवायला साधनं असली पाहिजेत असं नियम म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो की त्यासाठी वेगळा निधी बाजूला ठेवायची गरज नाही. अहो मग साधनं म्हणजे काय, सदिच्छा? कायमचं वचन आणि खात्यात आठ हजार डॉलर, वकिलाच्या दोन महिन्यांच्या बिलात उडून जातील.

आता सही. मालक फॉर्म ८२८३ भरतो, बी विभागात दान घेणाऱ्या संस्थेने पोच म्हणून सही करायची, आमच्या वतीने मी नाहीतर अध्यक्षबाई करतो. त्या सहीच्या वरच छापलंय की ही सही म्हणजे सांगितलेल्या किमतीला संमती नाही. बरं, ठीक, आम्ही मूल्यांकन करणारे नाही. पण पुढे काय होतं बघा, त्याच दानाची नोंद आमच्या पुस्तकात आम्ही शून्य रुपये, म्हणजे शून्य डॉलर करतो. आणि हे नियमात बसतं, ९९० म्हणतो की ईझमेंटची नोंद तुमच्या हिशोबात जशी असेल तशीच इथे दाखवा, आणि ईझमेंट हा विकता येणारा ऐवज नाही, उलट जबाबदारी आहे, म्हणून बऱ्याच संस्था शून्यच धरतात. शेड्यूल डी च्या नवव्या ओळीत फक्त लिहून द्यायचं की आम्ही अशी अशी पद्धत वापरतो आणि ताळेबंदातली तळटीप काय आहे.

म्हणजे एकच कागद, त्या बॉस्टनच्या जोडप्यासारख्या मालकाच्या घरी २ लाख २० हजाराचा आणि आमच्या घरी शून्याचा. मालक ३५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर सरकारचे साधारण ७७ हजार डॉलर गेले, आणि ते एका वर्षात वजा झाले नाहीत तर पुढे १५ वर्षं ओढत नेता येतात, पण आमचं रिटर्न वाचणाऱ्या माणसाला कळायचा काही मार्गच नाही की या संस्थेच्या कपाटात जनतेच्या किती पैशांची वचनं पडून आहेत. मालकाचं रिटर्न गोपनीय, आमचं उघडं, आणि आकडा नेमका गोपनीय बाजूला. आमच्या हिशोबात शून्य राहू दे, माझं त्याला काही म्हणणं नाही, पण ज्या फॉर्म ८२८३ वर आम्ही सही करतो त्यातल्या आकड्यांची एकूण बेरीज, मालकांची नावं न देता, शेड्यूल डी वर एका ओळीत मागितली तर कोणाचं काय बिघडतं? सही करताना तो आकडा आमच्या डोळ्यासमोरच असतो.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे, आणि ती मला एका घराच्या दारात कळली.

दर ऑक्टोबरमध्ये आम्ही तपासणीला जातो, पानं गळल्यावर भिंती नीट दिसतात म्हणून. करार झाला त्या वर्षीचे फोटो एका फाइलमध्ये असतात, त्याच जागी उभं राहून तोच फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. एक घर आहे, १८३० च्या आसपासचं, दर्शनी बाजूला नऊ खिडक्या, वरच्या पल्ल्यात सहा तावदानं, खालच्या पल्ल्यात सहा. जुनी काच हाताने केलेली, थोडी लाटालाटांची, बाहेरचं झाड त्यात बघितलं तर पाण्यात बघितल्यासारखं हलतं. दोन वर्षांपूर्वी मी गेलो, फोटो काढला, सगळं ठीक वाटलं, परत निघालो आणि गाडीपाशी येऊन सहज वळून बघितलं तर उजवीकडच्या तीन खिडक्यांतलं झाड हलत नव्हतं. सपाट होतं. जवळ जाऊन बघितलं तर व्हायनलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या खिडक्या, आणि ती सहा तावदानं म्हणजे दोन काचांच्या मधे अडकवलेल्या पांढऱ्या पट्ट्या. बोट फिरवलं तर काच सलग.

मालक सत्तरीतले, आतून बाहेर आले, लपवालपवी काही नाही, म्हणाले गेल्या हिवाळ्यात हीटिंगचं बिल बघितलंस का माझं? ही मागच्या मालकाने केलेली भानगड आहे, वजावट त्याने घेतली आणि थंडी मी खातोय. खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेरून जादा काच बसवायची सोय करता येते, जुनी खिडकी न काढता, हे मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. पुढे पत्रापत्री झाली, दोन मीटिंगा झाल्या, एक वकील अर्ध्या फीमध्ये तयार झाला, आणि शेवटी त्यांनी दोन खिडक्या परत लाकडी करून घेतल्या, खर्चाचा काही भाग आम्ही उचलला. तिसरी अजून तशीच आहे, सगळ्यांनी डोळेझाक केलीय, मी पण.

आता हे सगळं फॉर्म ९९० वर कसं दिसलं? शेड्यूल डी च्या सहाव्या ओळीत, देखरेख, तपासणी, उल्लंघनं हाताळणं आणि अंमलबजावणी यासाठी कर्मचारी आणि स्वयंसेवकांचे एकूण तास, ५८. आदल्या वर्षी ३१ होते. सातव्या ओळीत खर्च. पाचव्या ओळीत, तुमचं लेखी धोरण आहे का, हो. संपलं. उल्लंघन हाताळायला तास किती लागले ते विचारलंय, उल्लंघनं किती झाली ते विचारलेलं नाही. किती मिटली, किती पडून आहेत, काही नाही. डॉक्टरने किती वेळ पेशंटच्या उशाशी बसला ते लिहायचं आणि पेशंटचं काय झालं ते लिहायचं नाही, असा प्रकार.

आणि ते ५८ तास मी कसे काढले तेही सांगतो, पाच स्वयंसेवकांना ईमेल केली, दोघांनी उत्तर दिलं, एकाने "भरपूर" असं लिहिलं. दोन संध्याकाळी गेल्या माझ्या त्या आकड्यात, आणि त्या आकड्याचा अर्थ काय? जास्त तास म्हणजे जागरूक संस्था की जास्त बिघडलेली घरं? शून्य तास म्हणजे झोपलेली संस्था हे मात्र नक्की कळतं, तेवढाच उपयोग.

तिसऱ्या ओळीत विचारलंय की वर्षभरात किती ईझमेंट बदलले, दुसऱ्याला दिले, सोडले, संपवले. हा प्रश्न चांगला आहे आणि स्पष्टीकरणही मागतात शेड्यूल डी च्या तेराव्या भागात. पण करारात बदल न करता आम्ही मालकाला मागे डेक बांधायची, चिमणी उतरवायची परवानगी देतो ती यात येत नाही, कारण परवानगी देण्याचा हक्क करारातच आहे. एखादी ढिली संस्था शंभर परवानग्या देऊन घराचा चेहरामोहरा बदलून टाकेल आणि तिसऱ्या ओळीत शून्य लिहील, प्रामाणिकपणे.

मी हे बाबांना फोनवर सांगत होतो. ते आमच्या गावच्या देवस्थान ट्रस्टवर बरीच वर्षं होते. ते म्हणाले, "अरे, आमच्याकडे विश्वस्त बदलला तरी धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज टाकावा लागतो आणि ट्रस्टची गुंठाभर जमीन विकायची म्हटली तर कलम ३६ खाली आधी परवानगी, वर्ष वर्ष फाइल पडून राहते." म्हटलं बाबा इथे आधी कोणी विचारत नाही, नंतर आकडा लिहायचा. ते म्हणाले, "मग बरं आहे की." बरं आहे, आणि नाही पण. ईझमेंट पूर्ण संपवायचा असेल तर इथेही कोर्टातून जावं लागतं असा नियम आहे, अडचण आहे ती संपवण्याच्या अलीकडच्या सगळ्या गोष्टींची, खिडकी-खिडकीने संपण्याची. मला देवस्थानची फाइल वर्षभर पडलेली इथे नकोय. नंतर विचारा, पण नेमकं विचारा.

मुंबईत १९९५ च्या हेरिटेज नियमावलीने इमारतींना ग्रेड दिले आणि बंधन कायद्यानेच आलं, मालकाने दान वगैरे काही केलं नाही, आणि मालकांची नाराजी आजही तीच आहे की बंधन आमच्यावर आणि कौतुक शहराचं. अमेरिकेने बंधन विकत घेतलं, करातून. म्हणूनच इथे हिशोब मागायचा हक्क जास्त आहे. पैसे मोजलेत ना.

आता छोट्या संस्थांचं. शेजारच्या गावातल्या एका गटाकडे तीन ईझमेंट आहेत. त्यांचं वर्षाचं उत्पन्न ५० हजार डॉलरच्या आत, म्हणून ते ९९०-एन भरतात, ज्याला ई-पोस्टकार्ड म्हणतात. नाव, पत्ता, एका पदाधिकाऱ्याचं नाव, वेबसाइट, उत्पन्न मर्यादेच्या आत आहे ना, संस्था बंद तर नाही ना केली, असे आठ प्रश्न, चहा गार व्हायच्या आत होतं. ईझमेंटबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या वरचे, २ लाखाच्या आत उत्पन्न आणि ५ लाखाच्या आत मालमत्ता असलेले, ते ९९०-ईझी भरू शकतात आणि ईझीला शेड्यूल डी जोडावं लागत नाही. आणि ईझमेंट पुस्तकात शून्य धरलेले असल्यामुळे मालमत्ता वाढतच नाही, तुमच्याकडे दोनशे घरांची वचनं असली तरी तुम्ही कागदावर छोटेच. आम्ही पूर्ण ९९० भरतो ते फक्त आमच्या मालकीची म्युझियमची इमारत आहे म्हणून. ती उद्या दुसऱ्या संस्थेला देऊन टाकली तर मी पण ९९०-ईझीवाला होईन आणि बारा घरं आयआरएसच्या कागदांवरून गायब होतील. घरं तीच, वचन तेच.

यातला खास विनोद असा की हे पोस्टकार्डही २००६ च्या त्याच कायद्यातून आलं. एका हाताने मालकाला म्हणाले चारी बाजूंचे फोटो लाव, आणि दुसऱ्या हाताने सांभाळणाऱ्याला म्हणाले तू नुसता जिवंत आहेस एवढं कळव. आणि काही राज्यांत तर ईझमेंट सरकारी खात्याकडेच असतात, मेरीलँड हिस्टॉरिकल ट्रस्ट किंवा व्हर्जिनियाचं हिस्टॉरिक रिसोर्सेस बोर्ड, ते ९९० भरतच नाहीत, त्यांचा विषय वेगळा, त्यांना विधिमंडळ आहे विचारायला.

माझ्याच संस्थेतले लोक मला म्हणतात तू उगाच काम वाढवतोयस, आयआरएसला काय घेणं खिडकी लाकडाची आहे की प्लॅस्टिकची. प्रश्न रास्त आहे. करखात्याने वास्तुकलेत पडू नये. पण दुसरं कोण बघतंय? नॅशनल पार्क सर्व्हिस इमारत ऐतिहासिक आहे एवढं सुरुवातीला प्रमाणित करते आणि तिथेच थांबते. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे धर्मादाय संस्थांचा अधिकार असतो, पण तो घोटाळा झाल्यावर जागा होतो. आम्ही दानात आलेली वस्तू विकली तर कळवायचा एक फॉर्म ८२८२ आहे, त्याची मुदत तीन वर्षं. वचन कायमचं आणि पाळत तीन वर्षं! बाकी सगळं आमच्यावर सोडलेलं, आणि आमच्यावर म्हणजे कोणावर, माझ्यावर आणि त्या "भरपूर" लिहिणाऱ्यावर.

दुसरी हरकत मला जास्त जड वाटते. उल्लंघनं जाहीर करायला लावली तर संस्था तपासणीला जाणंच सोडतील, दिसलंच नाही तर लिहायला नको. आणि मालक पण नाराज होतील, घर विकताना अडचण. हे होईल, काही प्रमाणात होणारच. म्हणून मी नाव-पत्ता आणि कोणी काय तोडलं असं मागत नाही. मला पाहिजे ती यादी अगदी कोरडी आहे, करार काउंटीच्या दप्तरात कुठल्या बुक-पेजवर नोंदलाय, जो तसाही उघडा आहे, आणि त्या इमारतीची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली. त्याच्या खाली उल्लंघनांचे दोन आकडे, निघाली किती आणि उरली किती. न जाणाऱ्याची तारीखच त्याला उघडं पाडेल. बारा घरांच्या तारखा टाइप करायला मला दहा मिनिटं लागतील, दोन संध्याकाळ नाही. तासांची ओळ काढून टाका त्याबदल्यात, मी पेढे वाटीन.

सरकारला जुन्या इमारतींसाठी वेगळं रिपोर्टिंग लावता येतं हे २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिसलंच. सिक्युअर २.० कायद्यात त्यांनी भागीदारी करून जमिनी घ्यायच्या आणि पाच-दहापट किमतीची वजावट वाटून घ्यायची या धंद्याला चाप लावला, भागीदारांच्या गुंतवणुकीच्या अडीचपटीच्या वर वजावट गेली तर सगळीच बाद. त्यात प्रमाणित ऐतिहासिक इमारतींना सूट दिली, पण सोबत जादा माहिती द्यायची अट घातली. म्हणजे फरक करता येतो त्यांना. फक्त ती जादा माहिती पुन्हा दान देणाऱ्याच्या बाजूला, दान झालं त्या वर्षाची. प्रत्येक वेळी कायदा लग्नाच्या दिवशीचे फोटो वाढवत चाललाय आणि संसाराचं कोणी विचारत नाही.

या वर्षी मी एक केलं. तेराव्या भागात, जिथे जादा स्पष्टीकरण लिहायला मोकळी जागा असते, तिथे कोणी मागितलं नसताना बाराही करारांचे बुक-पेज नंबर आणि शेवटच्या तपासणीच्या तारखा लिहिल्या. अध्यक्षबाईंनी वाचून विचारलं हे कशाला, कोणी वाचत नाही. म्हटलं असू दे. अकरा तारखा गेल्या ऑक्टोबरच्या होत्या. बाराव्या घराच्या मालकीणबाई दार उघडत नाहीत, पत्रांना उत्तर देत नाहीत, आणि दरवर्षी आम्ही पुढच्या वर्षी बघू म्हणतो. ती जागा मोकळी सोडावी असं एकदा वाटलं. मग फाइल काढली, शेवटचा फोटो शोधला, आणि १२ ऑक्टोबर २०२० लिहून फॉर्म पाठवून दिला.